हॅमिल्टन मॉडेल २१ सागरी क्रोनोमीटर: दहा महिने रोज चावी दिल्यानंतर

मॉडेल २१ हे जहाजावर रेखांश काढायला वापरलं जाणारं अचूक घड्याळ. एकदा पूर्ण भरलं की ते ५६ तास चालतं. तरी चावी रोज द्यायची, तीही ठरलेल्या वेळी. उरलेले तास एखादा दिवस चुकला तर हाताशी असावेत म्हणून आहेत. जहाजावर ही शिस्त होती आणि घरातल्या टेबलावर ठेवलेल्या नगालाही तीच लागते. इथला तपशील ऑक्टोबर ते जुलै चाललेल्या एका नगाचा आहे. कोरडी थंडी, मे महिन्यातला उकाडा आणि रत्नागिरीचा पाऊस असे तिन्ही ऋतू त्याने पाहिले.

दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकी नौदलाची क्रोनोमीटरची गरज मुख्यतः युरोपातून भागायची. युद्धाने ती वाट बंद झाली आणि पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरच्या हॅमिल्टन कंपनीने हे काम अंगावर घेतलं. पहिले दोन नग फेब्रुवारी १९४२ मध्ये नौदलाच्या हाती पडले आणि पुढे दहा हजारांहून जास्त बनले. अनेक नगांच्या प्लेटवर १९४१ कोरलेलं असतं, ते घड्याळ बनल्याचं वर्ष समजू नये. इंग्रज कारागिरांच्या जुन्या क्रोनोमीटरमध्ये प्रत्येक भाग त्या एकाच घड्याळासाठी घासून बसवलेला असे. हॅमिल्टनचे सुटे भाग एका नगातून काढून दुसऱ्यात बसतात. ऐंशी वर्षांनंतर दुरुस्तीची वेळ येते तेव्हा या एका गोष्टीची किंमत कळते.

आत काय आहे

मुख्य स्प्रिंग पूर्ण भरलेली असताना जोरात ओढते आणि उलगडत आली की सैल पडते. हा फरक चाकांपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये फ्युझी असते, म्हणजे शंकूच्या आकाराचा, गोल गोल खाच असलेला ठोकळा. स्प्रिंगच्या डब्यावरून आलेली बारीक पोलादी साखळी तिच्यावर गुंडाळते. स्प्रिंग जोरात असते तेव्हा साखळी शंकूच्या निमुळत्या टोकाशी ओढते, जोर कमी होतो तशी रुंद भागाकडे सरकते आणि चाकांना मिळणारी ताकद जवळपास सारखी राहते. चावी देताना फ्युझी उलट फिरते, त्यामुळे तेवढ्यापुरता हा पुरवठा तुटतो. ती काही मिनिटं निभावून न्यायला फ्युझीतच दुसरी छोटी स्प्रिंग बसवलेली असते. ही युक्ती अठराव्या शतकातल्या जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीची.

खरी जान आहे ती डिटेंटमध्ये. थॉमस अर्नशॉ या इंग्रज घड्याळजीच्या पद्धतीचा हा स्प्रिंग डिटेंट म्हणजे एका टोकाशी पक्की केलेली बारीक पोलादी पट्टी. तिच्यावरचं ज्वेल, म्हणजे कठीण खडा, एस्केप व्हीलचा म्हणजे चाकांच्या रांगेतल्या शेवटच्या चाकाचा दात अडवून धरतं. बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलून वेळ मोजणारं चाक, एका दिशेने फिरताना त्याच्या आसावरचं छोटं ज्वेल डिटेंटवरच्या पासिंग स्प्रिंगला ढकलतं, ती डिटेंटला बाजूला नेते, अडवलेला दात सुटतो आणि बॅलन्सला थेट धक्का देतो. तोवर डिटेंट जागेवर येऊन पुढचा दात धरतो. बॅलन्स परत येतो तेव्हा पासिंग स्प्रिंग एकटीच वाकते, दात हलत नाही. म्हणून कान लावला की एक ठसठशीत ठोका आणि मागून एक दबका ठोका ऐकू येतो. बॅलन्सची तासाला १४,४०० स्पंदनं होतात आणि धक्का दोन स्पंदनांत एकदा मिळतो, म्हणून सेकंदकाटा अर्ध्या अर्ध्या सेकंदाने पुढे सरकतो.

या रचनेत धक्का देणाऱ्या दाताला घसटत जावं लागत नाही, त्यामुळे तिथे तेल लागतच नाही. तेल घट्ट होत गेलं की घड्याळाची चाल बदलते. इथे ज्या जागी फरक पडला असता तीच जागा कोरडी असते.

बॅलन्सचा घाट वेगळा आहे. कडं अखंड, स्टेनलेस स्टीलचं, आणि मधली दांडी इन्व्हारची. उष्णतेने कडं फुगतं पण इन्व्हारची दांडी जवळजवळ तशीच राहते, त्यामुळे कडं किंचित लंबगोल होतं आणि तापमानाचा उरलेला परिणाम सावरला जातो. मोठा भार उचलते ती उभ्या वेटोळ्यांची एलिन्व्हार एक्स्ट्राची हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सला मागेपुढे झुलवणारी बारीक स्प्रिंग. उष्णतेने तिची लवचिकता फारशी बदलत नाही. इन्व्हार आणि मूळ एलिन्व्हार हे मिश्रधातू शार्ल एदुआर गियोमचे, त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

चाल कशी राहिली

क्रोनोमीटर दिवसाला किती पुढे किंवा मागे जातो हा त्याचा रेट. रेट शून्य असायची गरज नाही. तो रोज तेवढाच राहिला की झालं. दिवसाला सव्वा सेकंद पुढे जाणारं घड्याळ महिन्याने ३७-३८ सेकंद पुढे असणार हे आधीच माहीत असतं, ते वजा करून काम चालतं. म्हणूनच जहाजावर काटे जुळवत नसत. वहीत रोजची चूक लिहीत.

प्रवासानंतरचे दोन आठवडे जमेस धरू नयेत. या नगाचा रेट पहिल्या आठवड्यात दिवसाला अधिक २.१ सेकंद होता, दुसऱ्यात १.६, आणि तिसऱ्यापासून १.२ वर स्थिरावला. डिसेंबर-जानेवारीत, खोली २२-२३ अंशांवर असताना, १.२. मे महिन्यात खोली ३४ अंशांपर्यंत गेली तेव्हा १.५. जुलैत १.३. बारा अंशांच्या फरकात दिवसाला ०.३ सेकंद ही या वयाला उत्तम चाल आहे. थंडीतला रेट धरून मे महिन्याचा हिशेब केला असता तर तीस दिवसांत ९ सेकंद चुकले असते. दर आठवड्याला रेट नव्याने काढला तर चूक दोन-तीन सेकंदांत राहते. तीन सेकंद म्हणजे रेखांशाचे ४५ विकला, विषुववृत्तावर १.४ किलोमीटरच्या आत.

एक दिवस चावी राहिली की घड्याळ बंद पडत नाही, पण साखळी फ्युझीच्या ज्या भागावर रोज येत नाही तिथे जाते आणि त्या दिवसाचा रेट अर्धा सेकंद इकडेतिकडे होतो. वहीत तशी खूण करून तो दिवस सरासरीतून वगळावा.

वेळ पडताळायला पूर्वी बंदरात खात्रीची जागा लागायची. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाबा वेधशाळा उभारली त्यामागे वेळ मोजणं आणि जहाजांची सोय हेही कारण होतं. आता जीपीएसची वेळ दाखवणारा मोबाइल सेकंदकाट्याच्या तबकडीशेजारी ठेवायचा आणि दुसऱ्या मोबाइलने दोन्ही एका चौकटीत घेऊन स्लो मोशन व्हिडिओ काढायचा. काटा नेमका कधी उडी मारतो ते त्यात स्वच्छ दिसतं. मोबाइलच्या पडद्याची ०.३ सेकंदाची चूक धरली तरी तीस दिवसांच्या सरासरीत ती दिवसाला ०.०१ उरते. रोजच्या रोज रेट काढून जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही.

बिघाड आणि त्यांची कारणं

फेब्रुवारीच्या नोंदीत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. चार-पाच दिवस चाल सरळ आणि मग अचानक नेमका अर्धा सेकंद जास्त. पुन्हा काही दिवस सरळ, पुन्हा अर्धा. रेट बिघडला असता तर आकडे हळूहळू सरकले असते. अर्ध्या सेकंदाची पायरी म्हणजे एस्केप व्हीलचा एक दात न अडता निसटतोय. मूव्हमेंट, म्हणजे घड्याळाचं आतलं यंत्र, काढून पाहिलं तर आधीच्या कुणा कारागिराने डिटेंटच्या ज्वेलवर तेल सोडलेलं होतं. त्यात धूळ बसून राळेसारखा थर झाला होता आणि डिटेंट वेळेत जागेवर येत नव्हता. डिटेंट उतरवून, सॉल्व्हंटमध्ये धुऊन, कोरडाच बसवल्यावर पायऱ्या बंद झाल्या. साध्या मनगटी घड्याळांची सवय असलेला घड्याळजी सगळीकडे थेंब टाकतो. त्याला काम देण्याआधी स्पष्ट सांगावं: पिव्हटना (आसांच्या टोकांना) तेल, साखळीला नुसता पुसट हात, डिटेंट, एस्केप व्हीलचे दात आणि धक्क्याचं ज्वेल पूर्ण कोरडं.

याहून महत्त्वाची दुसरी सूचना. स्प्रिंगमध्ये ताकद असताना डिटेंट किंवा बॅलन्स कधीही काढायचा नाही. अडवणारं कुणी उरलं नाही की चाकं भरधाव सुटतात आणि एस्केप व्हीलचे दात मोडतात. घड्याळ चालून थांबलं म्हणजे स्प्रिंग मोकळी झाली असंही नाही. साखळी सैल पडू नये म्हणून डब्यात थोडा ताण कायम ठेवलेला असतो, तो रॅचेटवरून, म्हणजे एकाच दिशेने फिरू देणाऱ्या दातेरी चाकावरून, हाताने सोडावा लागतो.

दात निसटायचं आणखी एक कारण आपल्या हातात असतं. पेटी किंवा घड्याळाचा वाडगा (ज्यात मूव्हमेंट बसवलेली असते तो पितळी डबा) आडव्या पातळीत झटकन फिरला की बॅलन्सला नको तेवढा झोका मिळतो. चावी देताना डाव्या हाताने वाडगा गिंबलमध्ये (पेटी कलली तरी वाडगा सपाट ठेवणाऱ्या कड्यांमध्ये) सावकाश उलटा करायचा आणि धरूनच ठेवायचा. मागची झाकणी सरकवून किल्ली बसवायची आणि डावीकडे फिरवायची. किल्लीच्या मुठीत रॅचेट असतो, त्यामुळे उलट दिशेला ती नुसती घसरते. चोवीस तासांना सात-साडेसात अर्धे फेरे लागतात. ते मोजायचे, शेवटचा फेरा हळू घ्यायचा आणि अडल्यावर जोर लावायचा नाही. मग वाडगा हातातून न सोडता सरळ करायचा. तो धपकन खाली आला तर गिंबलच्या पिव्हटनाही मार बसतो. चावीनंतर वरच्या निर्देशकाचा काटा शून्याकडे यायला हवा. तो शेवटची चावी दिल्यापासूनचे तास दाखवतो.

थांबलेलं घड्याळ चावी दिल्यावर आपोआप सुरू होत नाही. हवी ती वेळ जवळ आली की पेटीला आडव्या पातळीत पाव फेऱ्याची एकच चपळ गिरकी द्यायची. सेकंदकाटा जुळवता येत नाही, म्हणून तो जिथे थांबलाय त्या सेकंदाची वाट पाहूनच सुरुवात करावी.

पावसाळ्यातली भीती पितळ काळं पडण्याची नाही. धोका साखळीला आणि डिटेंटच्या पातळ पात्याला आहे. ते पातं इतकं नाजूक असतं की गंजाचा एक ठिपकाही त्याला पुरतो. जून ते सप्टेंबर बेझल (काचेचं कडं) उघडायचीच नाही, कारण उघडली की दमट हवा आत कोंडली जाते. सिलिका जेल बाहेरच्या पेटीत ठेवावं, वाडग्यात नाही, आणि दर आठवड्याला वाळवावं. स्पीकर, चुंबकी झाकणाचे मोबाइल आणि वायरलेस चार्जर लांब ठेवावेत. साखळी आणि मुख्य स्प्रिंग पोलादाची आहेत, आणि इन्व्हारलाही चुंबक लागतो.

चांदीचा मुलामा दिलेल्या तबकडीला बोट किंवा फडकं लावू नये. तो थर इतका पातळ असतो की दोन-तीनदा पुसल्यावर खालचं पितळ दिसायला लागतं. वाडग्यालाही पॉलिश नको, ते आट्यांमध्ये जाऊन बसतं.

घ्यायच्या आधी

जहाजं मोडणाऱ्या धंद्यातून असे नग बाजारात येतात, मुंबईच्या दारूखान्यातून आणि गुजरातमधल्या अलंगहून. विकणारा पितळ चकाचक करून ठेवतो, त्याकडे लक्ष देऊ नये. घड्याळ चालू करून पाच मिनिटं कान लावावा. एक ठसठशीत, एक दबका, हा क्रम मोडता कामा नये. बॅलन्स दोन्ही बाजूंना अर्ध्या फेऱ्यापेक्षा बराच जास्त फिरायला हवा. वाडगा गिंबलमध्ये मोकळा डोलून सपाट थांबायला हवा. मग मूव्हमेंट दाखवायला सांगावं. साखळीवर लालसर भुकटी दिसली तर खर्च वाढला असं समजावं. डिटेंट मोडलेला किंवा कानशीने घासून वाकवलेला असेल तर नग फक्त सुट्या भागांच्या भावाने घ्यावा. प्लेट आणि पेटीवरचे आकडे जुळत नसले तरी हॅमिल्टनच्या बाबतीत फार घाबरायचं कारण नाही. जहाजांवर आणि दुरुस्तीच्या टेबलांवर अदलाबदल झालेली असते.

लांबून मागवायचा असेल तर घड्याळ चालू ठेवून पाठवू नये. ते पूर्ण उतरू द्यावं, मग बॅलन्सच्या कड्याखाली समोरासमोर कॉर्कच्या दोन पातळ पाचरी अलगद सरकवाव्यात, इतक्याच की बॅलन्स हलणार नाही पण आसावर दाब येणार नाही. गिंबलचं कुलूप लावावं. पोचल्यावर चावी देण्याआधी पाचरी काढल्या आहेत ना ते पाहावं आणि कॉर्कचा कण आत राहिला नाही ना हे भिंगाखाली तपासावं.

या नगाची बेझल आता नोव्हेंबरमध्ये, हवा कोरडी झाल्यावर उघडेल. तेव्हा साखळीला तेलाचा हात द्यायचा आहे आणि डिटेंटचं ज्वेल अजून कोरडं आहे का ते पाहायचं आहे.