‘एक गाडी फ्रीमध्ये करून द्या, मोठे कस्टमर देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा (सोलापूर)

सोलापुरात डिटेलिंग (गाडी बारकाईनं साफ-पॉलिश करून चमकवणं), वॉशिंग सेंटर, पीपीएफ (रंगावर लावायची पारदर्शक फिल्म), सीट कव्हर असलं गाडीचं काम करणाऱ्या सगळ्यांनी हे पूर्ण वाचा, आणि ज्यांनी नवीन दुकान टाकलंय त्यांनी तर नक्कीच, कारण हा माणूस नवीन दुकानंच हुडकत फिरतोय.

होटगी रोडला माझा छोटा स्टुडिओ आहे. आपल्याकडं वॉशिंगला आणि रबिंग पॉलिशला गाड्या येतात की, पण कोटिंगला, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराला, पंचवीस-तीस हजार घालणारा माणूस अजून पुण्याची वाट धरतो. इथल्या पोरांना एवढं जमतं का म्हणून शंका घेतात, आणि आपल्याकडं आधी केलेली मोठी गाडी दाखवायला नसली तर ती शंका जात पण नाही. ह्याच दुखण्यावर हा माणूस बरोबर बोट ठेवतो.

आला, बसला, चहा घेतला. म्हणाला अण्णा तुमचं काम बघितलं, हात चांगला आहे तुमचा. माझ्याकडं कारखानदार, डॉक्टर, बिल्डर सगळ्यांच्या गाड्या असतात, सर्व्हिसिंगपासून टायरपर्यंत मीच बघतो. मोबाईलमध्ये मर्सिडीज, फॉर्च्युनर असले फोटो दाखवले. पहिल्या एकदोन गाड्या फ्री करा, साहेबांना काम पटलं की त्यांच्या ग्रुपमधल्या दहा गाड्या तुमच्याकडं. आणि बोलता बोलता तीन अटी घातल्या. गाडी मीच आणणार मीच नेणार. मालकाला फोन करायचा नाही, मोठी माणसं आहेत त्यांना डिस्टर्ब केलेलं चालत नाही. आणि पैशाचा विषय त्यांच्यापुढं अजिबात काढायचा नाही, फुकट केलंय म्हटलं की त्यांना कमीपणा वाटतो. ऐकायला सगळं बरोबरच वाटतं हो, मोठ्या लोकांचं असंच असतं असं आपण पण ऐकून असतो.

पहिली गाडी काळी एसयूव्ही. काळ्या गाडीचं काम ज्यांनी केलंय त्यांना माहितीय. लाईट मारला की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे, कोरड्या फडक्यानं रोज धूळ पुसून झालेले. धुऊन, लोखंडाचे कण काढायला आयर्न रिमूव्हर मारून, चिकटलेली घाण काढायला क्ले (मातीसारखा मऊ गोळा) फिरवून, मग ओरखडे घालवायला मशीननं कंपाउंड, मग फिनिशिंग पॉलिश, मग प्रत्येक पॅनल आयपीएनं (एक प्रकारचं अल्कोहोल) पुसून सिरॅमिक कोटिंग. एवढ्या मोठ्या गाडीला पन्नास मिलीची बाटली जवळजवळ संपते. पॅड गेले, मायक्रोफायबर गेले, पोराची हजेरी गेली, आणि तेवढे दिवस गाडी लावायची जागा अडकली म्हणून वॉशिंगच्या गाड्या परत पाठवल्या त्या वेगळ्याच. नेताना त्याला स्पष्ट सांगितलं की चोवीस तास पाण्याचा थेंब नको आणि आठवडाभर शाम्पू नको, कोटिंग पक्कं व्हायला वेळ लागतो. हो हो म्हणून गेला. नंतर अजून दोन गाड्या आणल्या, त्याच बोलीवर. पैसेवाल्या कस्टमरचं विचारलं की साहेब बाहेरगावी आहेत, गड्ड्याची यात्रा होऊ द्या, असं चालू.

मग एक दिवस त्या काळ्या गाडीचा मालक स्वतः स्टुडिओत आला, चांगलाच तापलेला. बॉनेटवर आणि काचेवर पांढरे डाग. झालं असं की गाडी घरी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या ड्रायव्हरनं बोअरच्या पाण्यानं धुतली आणि उन्हात वाळवली. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते बादल्यांवरचा पांढरा थर बघितला तरी कळतं, त्यात कोटिंग कच्चं, डाग धरणारच. आणि धुवू नका हा निरोप त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मालक म्हणाले, अहो पंचेचाळीस हजार दिलेत मी, आणि तीन वर्षाची वॉरंटी आहे ना?

मी म्हटलं साहेब, एक रुपया घेतला नाही मी.

त्यांनी बिल काढून दाखवलं. माझ्या स्टुडिओचं नाव, माझा लोगो कुठून तरी उचलून छापलेला, जीएसटी नंबर नाही, वॉरंटी कार्ड खोटं. पैसे त्या माणसाच्या यूपीआयवर. बाकीच्या दोन गाड्यांचं पण तेच निघालं. म्हणजे माल माझा, मेहनत माझी, पैसे त्याचे, आणि शिव्या खायला परत मी. सगळ्यात राग ह्याचा येतो की तो गृहस्थ खराच चांगला कस्टमर होता, पूर्ण पैसे मोजून काम करून घेणारा, म्हणजे ज्याच्यासाठी मी फुकट राबलो तोच माणूस, आणि त्याच्या मनात सोलापूरचे डिटेलर असलेच असं बसलं असतं.

डाग घालवायला परत पॉलिश करावं लागलं. हे पण फुकटचं समजू नका, क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाचा, थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, केसापेक्षा पातळ, आणि दर कंपाउंडिंगला त्यातला थोडा कायमचा जातो. त्या मालकांच्या गाडीचं ते नुकसान भरून येणार नाही. पण माणूस समजूतदार, ते माझ्यासोबत पोलीस स्टेशनला आले. दोघांची लेखी तक्रार दिलीय. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचे ते 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, शिवाय माझ्या नावाचं खोटं बिल केलंय ते वेगळं. त्याचा फोन बंद आहे.

सॅम्पल द्यायला माझी आजपण ना नाही, धंद्यात द्यावं लागतं. पण ते मालकाच्या डोळ्यासमोर द्या. बॉनेटच्या मधोमध टेप मारा, अर्धी बाजू करून दाखवा, तासाभरात माणसाला फरक कळतो आणि तुमची कोटिंगची बाटली पण उघडावी लागत नाही. पूर्ण गाडी फ्री करायचीच असेल तर जॉब कार्डवर पूर्ण रक्कम लिहून खाली सूट शंभर टक्के लिहा, आरसीवर नाव आहे त्याची सही घ्या, आणि धुण्याच्या सूचना थेट त्याच्या व्हॉट्सॲपवर टाका. मालकाशी बोलायचं नाही म्हणाला की गाडी शटरच्या आत घेऊच नका, मग ती कितीही भारीतली असू दे.

बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट साईडला पण कोणाकडं असा माणूस येऊन गेला असेल तर त्याचे चॅट, कॉल आणि गाडीचे फोटो डिलीट करू नका, तुमच्या नावाचं बिल कुठं फिरतंय का ते त्या मालकांना फोन करून विचारा, आणि निघालं तर तुम्ही पण तक्रार द्या.