पहिलीच्या वर्गासाठी वाचनाची वाट कोणती: बाराखडी, अक्षरगट की गोष्ट?

यंदा पहिलीचा वर्ग वाट्याला आलाय आणि जूनमध्ये फळ्यावर पहिलं अक्षर कोणतं लिहायचं हे ठरत नाहीये, अशा शिक्षकांसाठी हे लिहिते आहे. आमची शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. पहिली-दुसरी एकाच खोलीत बसते, पटावर अठ्ठावीस मुलं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या की आणखी पाच-सहा मुलं येतात आणि साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की निघून जातात. वेगवेगळ्या वर्षी मी वेगवेगळ्या वाटांनी वाचन शिकवलं. त्यातून हाती आलं ते इथे मांडते.

तुलना करायची तर मोजपट्टी एकच हवी. माझी अशी: शाळा सुरू झाल्यापासून किती दिवसांत मूल काहीतरी स्वतः वाचून हसतं? पाठ केलेलं म्हणून नव्हे, बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे. कागदावरच्या खुणांमधून अर्थ बाहेर आला आणि तो त्याला कळला, म्हणून. हे हसू पहिलीच्या पहिल्या सत्रात आलं तर मूल पुस्तकाकडे आपणहून वळतं, असा माझा अनुभव आहे. ते दुसरीपर्यंत लांबलं, तर वाचन म्हणजे बाईंना दाखवायचं काम अशी त्याची समजूत होऊन बसते आणि पुढे ती मोडणं फार जड जातं.

मुळाक्षरं आणि बाराखडी

आपण बहुतेक जण याच वाटेने आलो. आधी स्वर, मग क ते ज्ञ, मग बाराखडी. २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेत ॲ आणि ऑ आल्यापासून तिला चौदाखडीही म्हणतात. या पद्धतीची जमेची बाजू मोठी आहे. घरच्यांना ती येते, आजोबा संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणून घेऊ शकतात. तिला लय आहे. मराठी वर्णमालेची मांडणी मुळातच शास्त्रशुद्ध आहे, कंठापासून ओठांपर्यंत उच्चार ओळीने येतात, आणि मोठेपणी शब्दकोश बघायचा तर हाच क्रम लागतो.

अडचण पहिल्या इयत्तेतच येते. क, ख, ग, घ, ङ ही पहिली पाच अक्षरं घ्या. काना-मात्रेशिवाय यातून मुलाच्या तोंडचा एकही शब्द बनत नाही. ङ ने तर मराठीत शब्दच सुरू होत नाही. छत्तीस व्यंजनं गुणिले बारा म्हणजे चारशे बत्तीस आकार, आणि ते गिरवून होईपर्यंत वाचण्यासारखं हातात काही नाही.

एका मुलीचं मला अजून आठवतं. पूर्ण बाराखडी खणखणीत म्हणायची. एकदा मी मधल्याच ‘कु’वर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय? ती गप्प झाली. मग तिचे ओठ हलायला लागले, क, का, कि, की, आणि पाचव्या घराला ती पोचली. दारावरचा नंबर वाचायला जमत नव्हता, गल्लीच्या टोकापासून घरं मोजत यावं लागत होतं. दोष तिचा नव्हता. मी तिला गल्ली पाठ करायला लावली होती.

अक्षरगट

या पद्धतीत वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून, ज्यातून पटकन शब्द बनतात अशी पाच-सहा अक्षरं आणि एखादी स्वरखूण एकत्र शिकवतात. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अंगाने केलेलं काम अनेक शिक्षकांना माहीत आहे. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याजवळ क्वेस्ट संस्थेनेही आदिवासी मुलांच्या वाचनावर बरंच काम केलं आहे.

मी पहिला गट घेते तो असा: क, म, न, ल, स, त आणि काना. एवढ्यात कान, नाक, मान, मामा, काका, ताक, लाल, सात, काल, मका असे शब्द होतात. सगळे घरातले, सगळे ओळखीचे. जुलै अर्धा सरला की फळ्यावर मी एक ओळ लिहिते: काका, नाक लाल! पाठ कुणालाच नसते, कारण कुणी ती आधी ऐकलेलीच नसते. पुढच्या बाकावरचा कुणीतरी ‘का, का’ असं सुटं म्हणत जातो, मग थांबतो, पुन्हा मागे येतो, आणि अचानक मागे वळून दुसऱ्याला सांगतो, ‘काकाचं नाक लाल झालंय!’ वर्ग खिदळतो. माझ्या मोजपट्टीचं हसू ते हेच.

दुसऱ्या गटात प, ट, ब आणि दीर्घ वेलांटी आली की पाटी, माती, टाकी, मामी, काकी हे सगळे येऊन मिळतात. गट करताना दोन-तीन गोष्टी पाळाव्या लागतात. म आणि भ, घ आणि ध, प आणि ष ही दिसायला जवळची अक्षरं एका गटात घेऊ नयेत. ऱ्हस्व वेलांटी उशिरा घ्यावी, कारण ती उच्चारात नंतर येते पण लिहिताना आधी, आणि सहा वर्षांच्या मुलाला हे उलटं वाटतं. च आणि ज सावकाश घ्यावेत. चाकातला च वेगळा आणि चारमधला वेगळा, अक्षर मात्र एकच. मुलं हे बरोबर पकडतात आणि विचारतात. तेव्हा ‘असंच असतं’ म्हणून गप्प करू नये. दोन्ही शब्द म्हणायला लावावेत, जीभ कुठे लागते ते त्यांना शोधू द्यावं. पंधरा मिनिटं जातात, पण ती मुलं पुढे चमचा वाचताना अडखळत नाहीत.

आणखी एक कारण आहे, आणि माझ्यासारखीच्या दृष्टीने तेच सगळ्यात मोठं. ऊसतोडीचं मूल नोव्हेंबरात वर्गात येतं तेव्हा बाराखडीची रांग कुठेतरी ‘थ’पर्यंत पोचलेली असते. त्याला एक तर सुरुवातीपासून एकट्याला बसवायचं, नाहीतर मधेच उभं करायचं. अक्षरगटात तसं होत नाही. पहिला गट घेऊन ते त्याच आठवड्यात शब्द वाचतं आणि दुसरीतलं मूल त्याला जोडीला घेऊ शकतं.

उणी बाजू: तयारी खूप लागते. शिकवलेल्या अक्षरांतच बसतील अशी वाक्यं रोज तुम्हाला बनवावी लागतात आणि ती कधी कधी कोरडी होतात. पालकसभेत ‘पोराला अजून ख-ग येत नाही’ ही तक्रार हमखास येते. मी त्यांना वर्गात बोलावते आणि मुलाला नवीन ओळ वाचायला सांगते. मग ती तक्रार राहत नाही.

गोष्ट आधी, अक्षर मागून

तिसरी वाट म्हणजे मुलाच्या बोलण्यापासून सुरुवात. मूल म्हणतं, ‘आमची शेळी व्याली’, तुम्ही तेच वाक्य त्याच्यासमोर मोठ्या अक्षरांत लिहिता आणि वाचता. पुस्तकही तसंच: बोट फिरवत गोष्ट वाचायची, पुन्हा पुन्हा वाचायची, शब्द डोळ्यांच्या ओळखीचे होऊ द्यायचे. छापलेल्या अक्षरात आपलं बोलणं असतं, हे मुलाला याइतकं चांगलं दुसऱ्या कशानेच कळत नाही. ज्या मुलांच्या घरी कोरकू, पावरी किंवा वारली बोलतात त्यांच्यासाठी तर ही वाट लागतेच. त्यांना कळत नसलेल्या भाषेची अक्षरं जुळवायला लावून अर्थ कुठून येणार? १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, त्यांच्यासोबत अनुताई वाघ होत्या आणि पुढे काम कोसबाडला गेलं. शाळा मुलांच्या अंगणात नेण्यामागे हीच जाण होती: मुलाच्या भोवती जे आहे तिथून सुरू करायचं.

पण नुसत्या याच वाटेवर भिस्त ठेवली तर फसगत होते, माझी झाली आहे. शेळीचं वाक्य एक मुलगा छान ‘वाचून’ दाखवायचा. एकदा नीट पाहिलं तर तोंडाने ‘व्याली’ म्हणत असताना त्याचं बोट ‘शेळी’वर होतं. मी तेच शब्द पट्ट्यांवर लिहून उलटसुलट केले तेव्हा त्याला एकही ओळखता आला नाही. सगळं पाठांतर होतं आणि मी दोन महिने खुशीत होते. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत ती मुलं या पद्धतीत आपोआप पुढे जातात. ज्यांच्या घरी पंचांगसुद्धा नाही, ती मागे राहतात.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे. वाचायला शिकवण्यासाठी अक्षरगट, पहिल्या दिवसापासून. सोबत रोज एक गोष्ट तुम्ही वाचून दाखवा, त्यात कोणतंही अक्षर वर्ज्य नाही. मुलांची स्वतःची वाक्यं आठवड्यातून दोनदा. बाराखडी सोडायची नाही, पण ती दुसऱ्या सत्रात आणायची, ओळखीची अक्षरं रांगेत लावण्यासाठी. गोष्टीचा वेळ मात्र कशासाठीही कापू नका. प्राथमिक शाळेचं वर्ष कायद्याने किमान दोनशे दिवसांचं आहे. रोज एक म्हटलं तर मुलाच्या कानावर दोनशे गोष्टी पडतात, आणि अक्षरगटाचा कोरडेपणा त्यानेच भरून निघतो.

केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत साक्षरता अभियानाच्या उद्दिष्टात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत असं आहे. मोजायला हरकत नाही, पण घड्याळ मुलासमोर धरू नका. ‘अर्थासह’ हा शब्द तिथेच लिहिलेला आहे, तो वगळून नुसता वेग धरला जातो याचं मला वाईट वाटतं. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २३.४ टक्के होती. २०२२ पेक्षा ती वाढलेली आहेत. तरी चारातली तीन मुलं अजून तो मजकूर वाचू शकत नाहीत.

कपाटातली पुस्तकं की दोरीवरची

वाचता यायला लागलं की पुस्तक हाताला लागलं पाहिजे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलंय, त्यात गोष्टीची पुस्तकंही आली. पुस्तकं बहुतेक शाळांत पोचलेली आहेत. प्रश्न किल्लीचा आहे.

मी पूर्वी जिथे होते तिथे पुस्तकं लोखंडी कपाटात होती आणि साठा नोंदवहीत एकेकाची नोंद. हरवलं तर जबाबदार कोण, फाटलं तर निर्लेखन, म्हणजे नोंदीतून काढणं, कसं, या धास्तीने कपाट वाचन प्रेरणा दिनाला उघडायचं आणि संध्याकाळी बंद व्हायचं. पुस्तकं कोरी करकरीत राहिली. कपाटाच्या बाजूने बोलायचं तर पावसाळ्यात तिथे ओल लागत नाही, आणि मोजणी सोपी जाते.

आता माझ्या वर्गात खिडकीखाली सुतळी बांधलेली आहे, मुलाच्या छातीइतक्या उंचीवर, आणि चिमट्यांनी तीस-पस्तीस पुस्तकं टांगलेली, मुखपृष्ठ समोर. कपाटात दिसतो तो कणा, आणि पहिलीच्या मुलाला कणा वाचता येत नाही. ते चित्र बघून निवडतं. वर्षाला आठ-दहा पुस्तकांच्या पार चिंधड्या होतात. दोन वर्षं मी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला सांगत होते की फाटलेलं पुस्तक म्हणजे वापरलेलं पुस्तक. शेवटी त्यांनी ठरावात लिहून दिलं. तुम्हीही आधी ठराव करून घ्या, मग सुतळी बांधा. जुलै-ऑगस्टात पुस्तकं रात्री पत्र्याच्या पेटीत ठेवायची.

कोणती पुस्तकं? सुरुवातीला एका पानावर एक-दोन ओळी, चित्र मोठं. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं स्वस्त आणि टिकाऊ. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं मुलं पुन्हा पुन्हा मागतात. पैसे नसतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, पातळीनुसार लावलेल्या, छापून घेता येतात. मोबाइलवर दाखवण्यापेक्षा छापलेल्या बऱ्या, कारण त्या घरी जातात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय, पण ते थोड्या मोठ्या मुलांसाठी. दुसरीतल्या एखाद्या चटपटीत मुलाला द्यावं.

वर्गात वाचायची रीतही निवडावी लागते. एकेकाला उभं करून प्रकट वाचन घेतलं तर पस्तीस मिनिटांच्या तासिकेत अठ्ठावीस मुलांपैकी प्रत्येकाला सव्वा मिनिट येतं. उरलेला वेळ बाकीची मुलं आपली पाळी येण्याची भीती घेऊन बसतात. जोडीवाचनात दोघांत एक पुस्तक, एकाच वेळी चौदा जण वाचत असतात. गोंगाट होतो. तो होऊ द्यावा.

घरी पुस्तक द्यावं की नाही? द्यावं. शनिवारी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावं, सोमवारी परत. एका मुलाने सोमवारी पुस्तक आणलं नाही. विचारलं तर म्हणाला, ‘आजीला ऐकायचं राहिलंय अजून.’ आजीला अक्षरओळख नाही. तिने त्याच्याकडून तीच गोष्ट चार वेळा वाचून घेतली होती.

ऊसतोडीच्या मुलांना देण्याबद्दल मला अनेकांनी अडवलं, कारण ती मार्चमध्ये निघून गेली की पुस्तक परत येत नाही. ते खरं आहे. म्हणून त्यांच्यासाठी मी छापील प्रती वेगळ्या ठेवते, नोंदवहीबाहेरच्या. टोळी हलते त्या सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांच्या बोचक्यावर बसलेली पोरं शाळेसमोरून जातात. त्याआधी, आदल्या दिवशी, प्रत्येकाला दोन पुस्तकं. एक, त्याला आता वाचता येतं असं. दुसरं, थोडं पुढचं.