तांब्याची क्लिक की तांब्याविना?
जळगाव-धुळ्याकडच्या एम.एस्सी. प्रकल्पांत हा प्रश्न ठरलेला: पेप्टाइडला (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीला) चमकणारा रंग जोडायचाय, तर एकावरचा अझाइड (तीन नायट्रोजनचा गट) आणि दुसऱ्यावरचा अल्काइन (कार्बनच्या तिहेरी बंधाचा गट) जुळवायचे कसे? हे दोन गट पटकन जोडणारी अभिक्रिया म्हणजे ‘क्लिक’.

तांबे उत्प्रेरक म्हणून वापरायची रीत 2002 मध्ये रसायनशास्त्रज्ञ मेल्डाल आणि शार्पलेस यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दिली. वेगवान, साहित्य स्वस्त. शुद्ध पेप्टाइड नळीत असेल तर भो, दुसरीकडे बघूच नका.

अडचण येते जिवंत पेशींत. या रीतीतले एकसंयुजी तांबे (Cu⁺) ऑक्सिजनशी गाठ पडली की घातक रेणू तयार करते. पेशीही मरतात, प्रथिनेही बिघडतात. टीएचपीटीएसारखे लिगँड (तांब्याला धरून ठेवणारे रेणू) घातले की त्रास कमी होतो, संपत नाही. म्हणून बर्टोझी यांच्या गटाने 2004 मध्ये आठ कार्बनच्या कड्यात अल्काइन वाकवून बसवले. ताणलेल्या धनुष्यासारखे ते अझाइड भेटताच सुटते, तांबे लागतच नाही. पहिली रूपे संथ होती. फ्लोरिन किंवा बेंझिनची कडी जोडल्यावर वेग आला. तरी हे कडे अवजड, पाण्यात नीट न विरघळणारे, आणि कधी सिस्टीन या अमिनो आम्लाच्या थायोललाही (गंधकाच्या गटालाही) चिकटते. (तिघांनाही 2022 चे नोबेल मिळाले, त्यामुळे त्यावरून निवाडा होत नाही.)

वर ते महाग, आणि बहुतेकदा उणे 20 अंशांत ठेवायचे. आपल्याकडच्या मे महिन्यात मागवू नका. पेशींवर काम असेल तरच हिवाळ्यात थोडेसे घ्या.