रोबो व्हॅक्यूमचे सात महिने: यंत्र कामसू, पण हुकूम द्यायला सर्व्हर लागतो

गेल्या आठवड्यात आमच्या इंटरनेटची लाइन दोन दिवस बंद होती. राउटर चालू होता, घरातलं वाय-फाय चालू होतं. फोन त्याच वाय-फायवर आणि रोबो व्हॅक्यूमही त्याच वाय-फायवर, दोघांत फार तर दहा फुटांचं अंतर. तरी अ‍ॅपमध्ये एकच ओळ: 'यंत्र ऑफलाइन आहे'. मला फक्त बाहेरची खोली झाडून हवी होती, पण ते सांगायची काही सोयच नव्हती. शेवटी हातात झाडू घेतला आणि तेव्हाच ठरवलं की हे सविस्तर लिहायचं.

सक्शन किती पास्कल, बॅटरी किती मोठी, हे सगळीकडे वाचायला मिळतं. त्यात शिरत नाही.

पहिले चार महिने मी भेटेल त्याला हे यंत्र घ्यायला सांगत होते. डोक्यावरचा फिरता लेझर अंधारातही अंतर मोजतो, त्यामुळे दिवे बंद असले तरी ते वाट चुकत नाही. पलंगाखालचा केर, जो काढायला आईला गुडघ्यांवर बसावं लागायचं, तो रोज निघायला लागला. खोड एकच, काळ्या गालिच्यावर चढत नाही. पोटाखालचे सेन्सर इन्फ्रारेड प्रकाश सोडतात आणि तो परतला की जमीन आहे असं धरतात. काळा रंग तो प्रकाश शोषतो, मग यंत्राला पुढे पायरी असल्यासारखं वाटतं. याबद्दल माझा राग नाही, ती सेन्सरची मर्यादा आहे. पुढचं मात्र कोणीतरी बसून ठरवलेलं आहे, आणि राग त्याचाच आहे.

पाचव्या महिन्यात अ‍ॅप आपोआप अपडेट झालं. उघडल्या उघडल्या समोर दिसणारा नकाशा आत ढकलला गेला. आता पहिल्या पानावर सुट्या भागांची विक्री आणि 'ब्रश बदलायची वेळ झाली' अशी पट्टी. ती पट्टी ब्रश बघून येत नाही, नुसते तास मोजून येते: मुख्य ब्रशला ३००, बाजूच्या ब्रशला २००, फिल्टरला १५०. माझा ब्रश मी दर आठवड्याला केस काढून साफ करते. त्याचे दात अजून शाबूत आहेत. धडधाकट ब्रश फेकून नवा घे असं मला माझंच यंत्र रोज सांगतं. मोजणी शून्यावर आणायचं बटण आहे, पण ते चार पानं आत. विकत घ्यायचं बटण पहिल्या पानावर.

त्याच अपडेटमध्ये नकाशावर दोन खोल्यांची एक झाली आणि मी आखलेल्या 'इथे जाऊ नकोस' रेषा पुसल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र टेबलाखालच्या वायरींमध्ये घुसलं आणि लॅपटॉपच्या चार्जरची वायर ब्रशला गुंडाळून बसलं. वायर सोलली गेली. कस्टमर केअरला फोन केला. पलीकडचा मुलगा अगदी नम्र होता, पण उत्तर ठरलेलं: "मॅडम, फॅक्टरी रीसेट करून बघा." रीसेट केला की नकाशाच जातो, म्हटलं. "हो मॅडम, तो पुन्हा बनवावा लागेल."

बनवला. रीसेटनंतर यंत्र पुन्हा जोडताना कळलं की त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय चालतं. ही लहर भिंतीपलीकडे नीट पोचते, त्यामुळे निवड म्हणून ती ठीकच आहे. पण माझ्या राउटरवर २.४ आणि ५ दोन्हीला एकच नाव, आणि अ‍ॅप नुसतं 'जोडणी अयशस्वी' म्हणत राहिलं. कारण एका ओळीत लिहिलं असतं तर माझी अख्खी संध्याकाळ वाचली असती.

त्या रात्री मी याला एक तारा द्यायला निघाले होते.

मग गेल्या आठवड्यात लाइन गेली आणि माझं मत जरा बदललं. रोज सकाळी १० ची वेळ लावलेली होती. इंटरनेट नाही म्हणजे आज काही हा हलणार नाही, असं मी धरून चालले होते. बरोबर १० ला तो जागेवरून निघाला, नव्या नकाशाप्रमाणे खोल्या झाडल्या आणि चार्जिंगला परत गेला. खात्री करायची म्हणून दुसऱ्या दिवशी मी राउटरच बंद ठेवला. तरी तेच. म्हणजे नकाशा यंत्रात आहे, वेळापत्रक यंत्रात आहे, अक्कलही यंत्रातच आहे. बाहेर ठेवलंय ते फक्त माझं सांगणं! दहा फुटांवरून दिलेला हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरून जोडलेल्या दूरच्या संगणकावर, जातो आणि तिथून परत घरात येतो. यंत्र बनवणाऱ्यांबद्दलचा माझा आदर वाढला आणि अ‍ॅपचा आराखडा ठरवणाऱ्यांवरचा राग दुप्पट झाला.

दुसरा मार्ग शक्य आहे हे उघड आहे. व्हॅलेटुडो नावाचं मुक्तस्रोत (कोड सगळ्यांसाठी खुला असलेलं) सॉफ्टवेअर निवडक मॉडेलांवर बसवता येतं आणि मग ती यंत्रं कंपनीच्या सर्व्हरला न विचारता घरातल्या घरात चालतात. माझं मॉडेल त्या यादीत नाही.

नीटो या रोबो व्हॅक्यूम बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांचं काय झालं ते बघा. व्होरवेर्क या मालक कंपनीने २०२३ मध्ये नीटो बंद केली, तेव्हा सर्व्हर निदान पाच वर्षं चालू ठेवू असं सांगितलं होतं. २०२५ मध्येच ते बंद करत असल्याचं कळवलं. मोटर, लेझर, चाकं सगळं ठणठणीत असलेल्या यंत्रांकडे उरलं काय, तर अंगावरचं बटण दाबून झाडणं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षा अपडेट किमान किती काळ देणार हे उत्पादकांना जाहीर करावं लागतं. माझ्या खोक्यावर अशी तारीख नाही. मी सगळ्या बाजू फिरवून बघितल्या.

म्हणून आता मी अंगावरच्या बटणाकडे फार बारकाईने बघते. माझ्या यंत्रावर एकच आहे, दाबलं की सगळं घर झाडतं. आई तेच वापरते. तिने अ‍ॅप एकदाही उघडलेलं नाही आणि सात महिन्यांत तिचं काम एकदाही अडलेलं नाही. दुसरं बटण 'एवढीच जागा झाड' यासाठी दिलं असतं तर माझं निम्मं भांडण मिटलं असतं.

सध्या आपोआप होणारी अपडेट बंद केली आहेत, नकाशाचा आणि रेषांचा स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, वायरी टेबलाच्या पायाला बांधल्यात. तुम्ही असं यंत्र घेणार असाल तर परत करायची मुदत असेपर्यंत राउटरमधली बाहेरून येणारी वायर काढा, वाय-फाय चालू राहू द्या, आणि अ‍ॅपमधून एक खोली झाडायला सांगून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

यंत्राला चार तारे, अ‍ॅपला एक. राउटर बंद ठेवून केलेला प्रयोग तारखेसकट कंपनीला मेल केला होता. 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे' असं उत्तर आलं. कोणता विभाग, असं विचारलंय. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.