आप्पांच्या जखमेला लावलेली फ्रामायसेटिनची पट्टी

ऊस तोडताना आप्पांच्या नडगीला कोयता लागला, आधी साधं गॉज लावायचो तर ते असं चिकटायचं की काढताना परत रक्त यायचं, आप्पा दात आवळून बसायचे. मग मिरजेच्या डॉक्टरांनी ही पट्टी लिहून दिली, पॅराफिन लावलेली जाळी आणि त्यात १ टक्का फ्रामायसेटिन, म्हणजे अँटिबायोटिक थेट जखमेवरच उतरतं. हाताला तुपकट लागते, वरनं गॉज आणि बँडेज बांधायचं. बदलताना अलगद सुटली, आप्पांना कळलंपण नाही, लई बरं वाटलं बघा! फक्त निओमायसिनची (हे फ्रामायसेटिनच्याच जातीचं अँटिबायोटिक) ॲलर्जी असेल तर अजिबात लावू नका, आणि मनानं आणून आठवडेच्या आठवडे चालवू नका, नंतर जंतू औषधाला दाद देत नाहीत. सांगलीत तिसऱ्या मेडिकलमध्ये मिळाली.