गोल्डन बॅरल की फिशहुक बॅरल: टूसॉनच्या अंगणातला अनुभव

अमेरिकेतल्या ॲरिझोनात घर घेतलं की वर्षभरात हा प्रश्न पडतोच: पुढच्या खडीच्या अंगणात लावायचं काय? लॉनचं पाणी परवडत नाही, गुलाब जून महिना बघत नाही, आणि हातांसारख्या फांद्यांचा उंच सग्वारो कॅक्टस लावावा तर त्याला पहिला हात फुटेपर्यंत आपली नातवंडं रिटायर होतील. मग गाडी पिंपासारख्या बॅरल कॅक्टसवर येते. नर्सरीत गेलात की दोन पर्याय समोर येतात. एक सोनेरी काट्यांचा, गरगरीत गोल गोल्डन बॅरल. दुसरा फिशहुक बॅरल, लालसर करड्या काट्यांचा, आणि त्यातला मधला काटा मासे धरायच्या गळासारखा वाकलेला.

मी टूसॉनच्या पश्चिमेला बारा वर्षं राहतोय. आधी तीन गोल्डन लावले, मग दोन फिशहुक. आज अंगणात एक गोल्डन आहे आणि दोन्ही फिशहुक आहेत. यावरून माझं मत काय ते तुम्ही ओळखलं असेलच, तरी गोल्डनवर अन्याय होऊ नये म्हणून नीट सांगतो.

दिसण्यात गोल्डन जिंकतो, त्यात वादच नाही. सकाळचं कोवळं ऊन मागून आलं की तो चिंचेने घासलेल्या पितळी घंगाळासारखा चमकतो. शेजारी ठेवलेला फिशहुक तेव्हा नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखा दिसतो. गोल्डन एका ओळीत तीन-पाच लावले तर अंगण एखाद्या हॉटेलच्या दारासारखं होतं, म्हणून तर इथल्या प्रत्येक हॉटेलच्या दारात तो असतो. इंग्रजीत त्याला 'सासूची उशी' असंही नाव आहे. आई इथे आली होती तेव्हा तिला हे सांगितलं. तिने चष्मा पुसून त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे सुना सगळीकडच्या सारख्याच."

पण हा कॅक्टस इथला नाही. मला हे फार उशिरा कळलं. तो मध्य मेक्सिकोतल्या केरेतारो आणि इदाल्गो भागातला, दऱ्यांच्या उतारांवर वाढणारा, उन्हाळी पावसाची सवय असलेला. नव्वदच्या दशकात तिकडे सिमापान धरण झालं आणि त्याच्या मूळ जागेपैकी बरीच पाण्याखाली गेली. त्यामुळे रानात तो धोक्यात आहे, आणि जगभरच्या नर्सऱ्यांत मात्र बियांपासून हजारोंनी तयार होतो. त्याच्या शास्त्रीय नावातला 'ग्रुसोनी' म्हणजे जर्मनीतल्या माग्डेबुर्गचे पोलाद कारखानदार हेर्मान ग्रुसोन. त्यांना कॅक्टस जमवायचा नाद होता.

फिशहुक आमच्या घरामागच्या टेकडीवर आपला आपण उगवतो. विस्लित्सेनुस नावाचे एक जर्मन डॉक्टर 1846 साली न्यू मेक्सिकोत आणि उत्तर मेक्सिकोत झाडंझुडपं गोळा करत फिरले, त्यांचं नाव त्याच्या शास्त्रीय नावात आलं. टूसॉनला वर्षाला जेमतेम 28-30 सेंटीमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या निम्म्याहूनही कमी. त्यात तो रानात सहज पन्नासेक वर्षं काढतो. 'वाळवंटातला कॅक्टस' हे लेबल दोघांवरही असतं, पण वाळवंट आणि वाळवंट यात फरक आहे.

तो फरक मला पश्चिमेकडच्या भिंतीने शिकवला. माझे तिन्ही गोल्डन त्या भिंतीपासून चार फुटांवर होते. भिंत प्लास्टरची, खाली पांढरट खडी. मे संपता संपता त्यांच्या नैर्ऋत्येच्या अंगाला फिकट पिवळा डाग दिसायला लागला. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं. डाग वाढला. आणखी पाणी घातलं. महिन्याभरात तिघांतला एक बुडाशी मऊ पडला, बोट लावलं तर पिकलेल्या पपईसारखं आत गेलं. तो काढून टाकला, आणि तेव्हा कुठे ध्यानात आलं की पाण्याचा यात संबंधच नव्हता. ते ऊन लागलं होतं.

मग सुरू झाला दरवर्षीचा तो उद्योग, आणि माझा निर्णय खरं तर त्यानेच करून टाकला. जूनच्या पहिल्या आठवड्यात गोल्डनला पांघरूण घालायचं. शेडनेट मिळतं, तीस ते पन्नास टक्के सावलीचं, ते चांगलंच. पण पहिल्या वर्षी हाताशी नव्हतं, म्हणून बायकोची जुनी सुती साडी चौपदरी करून टाकली. दिसायला ते असं, की शेजारीण गाडी थांबवून विचारून गेली, हा काही सण आहे का. जुलैत धुळीचं वादळ आलं. एक पदर उडून टपालपेटीला गुंडाळला, आणि उरलेली साडी काट्यांत अशी अडकली की ओढावी तर काटे तुटतात, सोडावी तर वारा ओढतो. शेवटी कात्रीने कापून काढली. तिचे निळे दोरे अजून त्या एका गोल्डनच्या मानेत आहेत.

हे एकदाचं असतं तर चालून गेलं असतं. पण कॅक्टसची कातडी आपल्यासारखी भरून येत नाही. एकदा करपला की तो भाग पुठ्ठ्यासारखा तपकिरी होतो आणि जन्मभर तसाच राहतो. तुम्ही गोल्डन घेतलाय कशासाठी, तर दिसण्यासाठी, आणि गाडी लावताना रोज नेमकी तीच करपलेली बाजू समोर! 2023 साली जूनअखेरीपासून जुलैअखेरीपर्यंत ॲरिझोनाच्या राजधानीला, फिनिक्सला, सलग 31 दिवस पारा 110 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे 43 सेल्सियसच्या पुढे होता. आमच्याकडे थोडं कमी असतं, पण त्या उन्हाळ्यात शेडनेट असूनही एकाची बाजू गेलीच. शेजारच्या फिशहुकवर तेव्हा काहीही पांघरलेलं नव्हतं. तो थोडा आकसला, त्याच्या कडा आत गेल्या, आणि पहिल्या दोन पावसांत पुन्हा फुगला.

हा माझ्या भिंतीचा अनुभव, हे मान्य. तुमच्या अंगणात मेस्किट किंवा पालो वेर्दे या इथल्या झाडांची विरळ सावली असेल, किंवा जागा पूर्वेकडची असेल, तर गोल्डन मजेत राहील. माझा उरलेला गोल्डन आता मेस्किटखालीच आहे. तिथे त्याला उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी देतो, आणि नारळाएवढा आणलेला तो आता मोठ्या कळशीएवढा झालाय. थंडीबद्दलही त्याची तक्रार नाही. शून्याखाली दोन-चार अंश असलेली रात्र तो निमूट काढतो.

दुसऱ्या गोल्डनचं काय झालं, तर एका सकाळी तो अंगणात आडवा पडलेला होता आणि तळाकडून अर्धा खाल्लेला. इथे हाविलीना नावाचं जनावर असतं, रानडुकरासारखं दिसतं पण डुक्कर नव्हे. त्यांचा कळप रात्री येऊन गेला. फिशहुकला त्यांनी आजवर मुळापासून उपटलेलं नाही. याचं कारण त्याचे गळ की माझं नशीब, सांगता येणार नाही.

आता फिशहुकची गाऱ्हाणी. ती आहेत, आणि बरीच आहेत. गोल्डनचा काटा सरळ असतो, टोचतो आणि सुटतो. गळाचा काटा धरून ठेवतो. पँटची शिवण, बागेची नळी, मुलाचा टेनिस बॉल, सगळं त्याने कधी ना कधी धरलेलं आहे. मेस्किटची बारीक पानं त्यात अडकून वर्षभर घाण दिसतात. मी ती जुन्या टूथब्रशने काढतो, बायको म्हणते काढूच नकोस, आणि बहुधा तिचंच बरोबर आहे. रोप हलवताना तर जुन्या गालिच्याचा तुकडा गुंडाळला तरी तो गालिचाच गळाला लागतो. त्यापेक्षा नळीचा जाड तुकडा बुडाभोवती फिरवून दोघांनी उचलावा.

शिवाय तो कलतो. उन्हाकडची बाजू सावकाश वाढते, सावलीची भराभर, त्यामुळे म्हातारा फिशहुक दक्षिणेकडे वाकतो आणि कधी पावसाने जमीन मऊ झाली की मुळांसकट आडवा होतो. याच कलण्यामुळे त्याला 'कंपास बॅरल'ही म्हणतात. सरळ रेषेतलं अंगण आवडणाऱ्याला हे खटकेल. मला आता आवडायला लागलंय, पण मी पक्षपाती आहे.

आणि मुख्य म्हणजे, फिशहुक फुलतो. गोल्डनला फुलं यायला बरीच वर्षं जातात, आणि आली तरी ती माथ्यावरच्या लोकरीत रुतलेली बारीक पिवळी फुलं, खाली वाकून शोधावी लागतात. फिशहुकला जुलै ते सप्टेंबर, म्हणजे ऐन इथल्या मॉन्सूनमध्ये (होय, इथेही मॉन्सूनच म्हणतात), माथ्यावर नारिंगी फुलांचं कडं येतं. मग पिवळी फळं धरतात, छोट्या अननसासारखी, आणि ती पुढच्या वसंतापर्यंत तशीच राहतात. गंमत म्हणजे इतक्या काटेरी झाडाच्या फळाला काटा नसतो. हाताने पिरगाळलं की सुटतं. चव लिंबाच्या बाजूची, आंबट, जराशी बुळबुळीत. आम्ही चकत्या करून मीठ, तिखट, गूळ लावून ठेवतो. आतल्या काळ्या बिया भाजून चटणीत घालतो. मुंग्या मात्र असणार. माथ्याजवळच्या ग्रंथींतून गोड रस पाझरतो, त्यासाठी त्या येतात आणि बदल्यात कीड हुसकावतात. औषध मारू नका.

चित्रपटातल्यासारखं बॅरल कापून पाणी प्यायचा विचार कुणाच्या डोक्यात असेल तर तोही सोडा. आत पाण्याची टाकी नसते, कडसर गर असतो, आणि तो पोट बिघडवतो.

विकत घेताना एकच काळजी. रानातून खणून आणलेला फिशहुक असेल तर त्यावर ॲरिझोना कृषी विभागाचा टॅग हवा, इथल्या देशी कॅक्टसना कायद्याचं संरक्षण आहे. पण टॅग असला तरी मी असा खणलेला घेणार नाही. मुळं छाटलेला मोठा कॅक्टस अंगातल्या साठ्यावर एक-दोन वर्षं हिरवागार दिसतो आणि मग बसतो. कुंडीत वाढलेला लहान घ्या.

लावणं सोपं आहे. खणताना पहारीला चुनखडीचा कडक थर लागेल, इथे त्याला कॅलीची म्हणतात. तो फोडल्याशिवाय पाणी खाली जात नाही. नर्सरीत रोपाची दक्षिणेकडची बाजू कुठली ते विचारून खडूची खूण करा आणि घरीही तीच बाजू दक्षिणेला ठेवा. माझ्या पहिल्या तीन गोल्डनना मी ही खूण केली नव्हती, त्यामुळे त्यांच्या करपण्यात माझाही वाटा आहे, हे इथे कबूल करायला हवं. कुंडीत होता त्याहून खोल पुरू नका. आणि तुटलेली मुळं सुकेपर्यंत आठवडाभर पाणी नको.

पुण्या-नाशिकहून नातेवाईक हाच प्रश्न विचारतात, तेव्हा मी बिनदिक्कत गोल्डन सांगतो. तिकडे तो सहज मिळतो, कुंडीत गोल राहतो, आणि गॅलरीत गळाच्या काट्यांशी झटापट कुणी करावी? फक्त पावसाळाभर पत्र्याखाली ठेवा आणि मातीत निम्मी जाड वाळू घाला. तिकडच्या जुलैत उन्हाने नाही, पाण्याने तो जाईल.

इकडचे असाल आणि ठरत नसेल, तर मे महिन्यात काहीच घेऊ नका. सप्टेंबरपर्यंत थांबा. दोन वर्षांपूर्वी मी आमच्याच फिशहुकच्या बिया श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत पेरल्या होत्या. पहिल्या वर्षी मुगाएवढी असलेली रोपं आता बोराएवढी झालीत आणि गळ आत्तापासूनच वाकायला लागलेत. तेवीस आहेत. ठेवायला जागा नाही.