व्हीलॅनच्या नावाखाली गळ्यात मारलेला साधा स्विच

सदाशिव पेठेतील आमच्या करसल्लागार कार्यालयात भिंतीतून आलेली केबल आधी आयपी फोनला लागते आणि फोनच्या मागच्या दुसऱ्या पोर्टमधून संगणकाला जोडणी मिळते. जुलैमध्ये विवरणपत्रांची धांदल सुरू झाली, की बॅकअप चालू असताना फोनवरचा आवाज तुटत असे. त्यामुळे व्हीलॅन (एकाच केबल आणि स्विचवर केलेली स्वतंत्र नेटवर्क) टाकून फोन आणि संगणक वेगळे करण्याचे काम आम्ही एका नेटवर्कवाल्याला दिले. कोटेशनमध्ये आणि बिलातही ‘मॅनेज्ड पीओई स्विच, व्हीलॅन व व्हॉइस प्रायॉरिटीसह’ असे स्वच्छ लिहिलेले होते, म्हणजे केबली एकत्र जोडणारी अशी पेटी, जिचे सेटिंग बदलता येते आणि जी केबलमधूनच फोनला वीज पुरवते, आणि पैसेही त्याच दराने घेतले गेले.

त्याने प्रत्येक फोनमध्ये १०.१०.२० ने सुरू होणारा पत्ता हाताने भरला, संगणक १९२.१६८.१ वरच ठेवले आणि दोन्ही नेटवर्क वेगळी झाल्याचे सांगून उरलेली रक्कम नेली. ही निव्वळ धूळफेक होती. खऱ्या व्हीलॅनमध्ये फोन आपल्या प्रत्येक फ्रेमला (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) ८०२.१क्यू मानकाप्रमाणे चार बाइटचा टॅग लावतो, संगणकाची फ्रेम टॅगविना जाते आणि स्विच त्या टॅगवरून दोन्ही वाहतुकी एकमेकींत मिसळू देत नाही. नुसते पत्ते बदलल्याने यातले काहीही घडत नाही. शिवाय आवाजाला अग्रक्रम आपोआप मिळत नसतो, त्यासाठी आवाजाच्या पॅकेटवरची डीएससीपी ४६ ही अग्रक्रमाची खूण ओळखून ती पॅकेट आधी सोडण्याची व्यवस्था वेगळी करावी लागते.

आवाज पुन्हा तुटू लागल्यावर त्याने त्याच्यामार्फतच अधिक वेगाचे इंटरनेट घेण्याचा सल्ला दिला. वास्तविक जी.७११ या कोडेकच्या (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीच्या) एका संभाषणाला एका दिशेने जेमतेम ८७ केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) लागतात. वेग पुरेसा होता. आवाजाची पॅकेट बॅकअपच्या मागे खोळंबत होती, आणि हे त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

अखेर परिचयातील एका अभियंत्याने रॅकमधून स्विच काढून उलटा केला. मूळ लेबलवर दुसरे लेबल चिकटवलेले होते. ते नखाने सोलताच खाली अनमॅनेज्ड (सेटिंग बदलता न येणाऱ्या) मॉडेलचा क्रमांक निघाला, म्हणजे तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळणारा असा स्विच, ज्यात व्हीलॅनची सोयच नसते. मग त्याने एका लॅपटॉपला फोनच्या मालिकेतला मोकळा पत्ता दिला आणि ब्राउझरमध्ये शेजारच्या फोनचे लॉगिन पान लगेच उघडले. नेटवर्क खरोखर वेगळी असती, तर संगणकाच्या बाजूने ते उघडलेच नसते.

असे काम करून घेणाऱ्यांनी शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ही चाचणी काम करणाऱ्याकडूनच समोर करून घ्यावी, स्विचचे सेटिंग पान उघडून व्हॉइस व्हीलॅनचा (फोनसाठीच्या व्हीलॅनचा) क्रमांक पाहावा, ॲडमिन पासवर्ड लेखी घ्यावा आणि बिलावर मॉडेल क्रमांक लिहून मागावा. आम्ही लेखी तक्रार दिल्यावर स्विचच्या किमतीतला फरक परत मिळाला. जे सेटिंग कधी झालेच नाही, त्याची मजुरी मात्र त्या नेटवर्कवाल्याने अद्याप परत केलेली नाही.